राणीच्या दातातली खाच

पांढरा थर वाळू लागला की तो सगळ्यात आधी नाकपुडीच्या कडेला तडकतो. कपाळावर नाही, गालावरही नाही. तिथली कातडी माणूस बोलला तरच हलते. नाकपुडी मात्र नुसत्या श्वासानेही हलते, आणि केसाएवढी बारीक भेग पडून खालची खरी कातडी दिसू लागते. धाकटीने भिंगातून ती भेग पाहिली, ओल्या स्पंजने तेवढाच भाग पुसून काढला, मिश्रणात ग्लिसरिनचे थोडे थेंब वाढवले आणि पुन्हा थर दिला.

"आता बोल," ती म्हणाली.

"काय बोलू?" राणीने विचारलं.

"काहीही. रागावून बोललीस तर बरं. नाकपुड्या फुगतात."

"मग माझ्या नवऱ्याला फोन लावून दे. आपोआप फुगतील."

राणी म्हणजे नाटकातली राणी. एरवी ती शाळेत जाणाऱ्या दोन मुलांची आई होती, पण तालमी सुरू झाल्यापासून मंडळी तिला राणीच म्हणत. धाकटीचंही तसंच. तिची आई याच नाटक कंपनीत कपडे शिवायची आणि लेकीला 'धाकटे' म्हणून हाक मारायची. ते ऐकून ऐकून ती सगळ्यांचीच धाकटी झाली होती. रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर तिने काही वर्षं रंगांच्या कारखान्यात तपासनिसाचं काम केलं. भिंतींचे रंग तपासता तपासता ती चेहऱ्याच्या रंगांकडे वळली, आणि आता कंपनीची रंगभूषा तिच्याकडे होती.

नाटक घडत होतं इंग्लंडच्या दरबारात, पहिल्या एलिझाबेथच्या काळात. त्या काळच्या श्रीमंत बायका शिशाची पांढरी भुकटी व्हिनेगरमध्ये कालवून तोंडाला फासत. शिशाने कातडी खराब होई, म्हणून ती झाकायला आणखी जाड थर. धाकटीने शिशाऐवजी झिंक ऑक्साइड घेतलं होतं, पण दिसायला तेच हवं होतं: मेलेल्या माणसासारखा पांढरा चेहरा, त्यावर गालांचे लाल ठिपके, कपाळ मोठं दिसावं म्हणून मागे सरकवलेले केस, जवळजवळ पुसून टाकलेल्या भुवया. कानशिलावर ती सगळ्यात बारीक ब्रशने निळसर शिरा काढायची. त्या बायकाही काढत म्हणे. एवढा लेप थापूनसुद्धा आपली कातडी नितळ आहे, आतली शीर दिसते, असा देखावा करायला.

हे सगळं जमलं होतं. अडलं होतं ते दातांपाशी.

"मला गोड राणी नकोय," दिग्दर्शकाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "साखर परवडायची फक्त बड्या घरांना, म्हणून दात किडायचे तेही बड्या घरच्यांचेच. तिनं तोंड उघडलं की पहिल्या रांगेतला माणूस खुर्चीत मागे सरकला पाहिजे."

धाकटीने आधी साधा काळा रंग लावून पाहिला. दुरून दात पडल्यासारखे दिसत, किडल्यासारखे नाही. तपकिरी लावला तर राणीने नुकतंच चॉकलेट खाल्ल्यासारखं वाटे. डाग पडण्यालाही एक क्रम असतो. हिरडीपाशी गडद, मध्ये आडवे पट्टे, कडेला पिवळट. तो मनाने काढता येत नव्हता आणि पुस्तकांतल्या फोटोंमध्ये नेमकं हवं ते दिसत नव्हतं. तिला एक खरं तोंड हवं होतं.

खरं तोंड घरीच होतं.

आईचे दात मजबूत होते, पण लहानपणी ज्या विहिरीचं पाणी ती प्यायली त्यात फ्लोराइड जास्त असल्याने त्यांवर कायमचे तपकिरी पट्टे होते. वरच्या दोन मोठ्या दातांपैकी डाव्याच्या कडेला एक खाच होती. उभ्या आयुष्यात आईने दोरा तोडायला कात्री वापरली नव्हती. टाका संपला की दोरा दाताखाली, कट्, आणि पुढचा टाका. त्या दोऱ्याने दात झिजवून स्वतःपुरती जागा करून घेतली होती.

आणि आई हसायची ती तोंड भरून. हळू हसणं तिला ठाऊकच नव्हतं. धाकटीला त्या हसण्याची लाज वाटायची. ती हे कधी बोलली नव्हती, पण कंपनीचा फोटो काढताना आईला मागच्या रांगेत उभं करायची. बाहेरचं कुणी तालमीला आलं की "आई, तुझा चहा आत ठेवलाय" म्हणायची. पाच वर्षं ती आईच्या मागे लागली होती की समोरच्या दातांवर कॅप बसवून घे. आईकडे उत्तरांना तोटा नव्हता. कधी कपड्यांची घाई, कधी गुडघा. फारच रेटा लावला तर म्हणायची, "दात काढायचे ते हसताना, एवढंच मला येतं बाई."

"काढायचे नाहीत गं, झाकायचे आहेत."

"मग हसायचं कशानं?"

या वेळी मात्र धाकटीने हट्ट सोडला नव्हता. पहिल्या प्रयोगानंतर पडद्यामागच्या माणसांना स्टेजवर बोलवायची कंपनीत पद्धत होती, आणि राणीच्या गळ्याभोवतीची ती भली मोठी चुणीदार झालर आईने शिवली असल्याने यंदा तिलाही बोलावणार होते. पूर्ण उजेडात, भरल्या थिएटरसमोर. धाकटीने तिला न विचारताच दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे वेळ घेऊन ठेवली. आई हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी आई खिडकीपाशी खुर्चीत डोळे मिटून पडली होती. मांडीवर झालरीचं कापड, मान मागे टेकलेली, तोंड किंचित उघडं. उजेड नेमका दातांवर पडला होता. धाकटी दारातच थांबली. तिने फोन काढला. एक फोटो दारातून घेतला, दुसरा अगदी जवळ जाऊन, श्वास रोखून.

कामाच्या खोलीत तिने तो मोठा करून पडद्यावर लावला. इतका मोठा की ते आईचं तोंड राहिलं नाही, नमुना झाला. तिने पट्ट्यांची रुंदी मोजली, रंगांच्या छटा जुळवल्या, फ्लोराइडचा तपकिरी रंग किडीच्या काळ्याकडे झुकवला. राणीच्या दातांचा साचा घेऊन त्यावर बसेल असं नखाएवढं पातळ आवरण बनवलं आणि ते फोटोबरहुकूम रंगवलं. खाचही तासली. ती ठेवायची की नाही, हा प्रश्नच तिला पडला नाही. नमुना असेल तसा उतरवायचा, त्यात आपल्या मनाने काही गाळायचं नाही, हे कारखान्यातल्या वर्षांत तिच्या हातात पुरतं मुरलं होतं.

पूर्ण वेशातल्या पहिल्या तालमीआधी सगळं रंगपटात तपासायचं ठरलं. आरशाभोवतीचे सगळे दिवे लावले होते. राणी उंच स्टुलावर, दिग्दर्शक तिच्यासमोर, दारात दोन-चार नट. सरदाराचं काम करणारे काका खोटी दाढी हातात घेऊन उभे होते. आई राणीच्या मागे, जरा बाजूला, खुर्चीवर बसून झालरीचं शेवटचं टोक टाचत होती. खळ घालून कडक केलेली झालर बशीसारखी पसरली होती आणि तिच्यावर तो पांढरा चेहरा ठेवल्यासारखा दिसत होता.

"उघड तोंड," दिग्दर्शक म्हणाला.

राणीने ओठ मागे ओढले. मग दिग्दर्शकाने हलकेच टाळी वाजवली.

"काय भयंकर दिसतंय! कमाल! आणि खरं वाटतंय. कुठून आणलंस हे?"

"अभ्यास केला," धाकटी म्हणाली.

"या खाचेला तर तोड नाही. अशी गोष्ट कुणाला सुचत नाही, ती दिसावी लागते."

धाकटीने मान खाली घालून ते कौतुक घेतलं. तिला बरंही वाटलं.

काका पुढे वाकले. त्यांच्या आईनेही शिवणकाम करून संसार ओढला होता, त्यामुळे ती खाच त्यांच्या लगेच लक्षात आली. "अहो, पण राणीसाहेब फावल्या वेळात शिवण घेत होत्या वाटतं! ही खाच दोऱ्याची आहे. एवढं मोठं राज्य, आणि बाई दातानं दोरा तोडतेय!"

खोलीत हशा पिकला. "राणीसाहेब, माझी पॅण्ट आखूड करून द्याल का?" दारातून कुणीतरी म्हणालं. राणीही हसली. आणि आई, जिने नेमक्या त्याच क्षणी टाका संपवून दोरा दाताखाली धरला होता, तीही दोरा तोडून मान वर करून हसली, नेहमीसारखी, तोंड भरून.

आरशात दोन तोंडं एकाखाली एक दिसत होती. एक पांढऱ्या चेहऱ्यातलं, एक साधं. तेच पट्टे, तीच खाच, त्याच बाजूला.

हसणं एकदम थांबलं नाही. आधी काका थांबले. त्यांनी आरशात पाहिलं, मग धाकटीकडे, आणि हातातली दाढी उगाच विंचरू लागले. मग दिग्दर्शक. सगळ्यांत शेवटी आई थांबली, कारण ती इतरांचे चेहरे बघत होती आणि सगळे गप्प का झाले ते तिला कळत नव्हतं. तिने आरशात पाहिलं. तिचा हात वर आला, आणि सुईसकट तो हात तिने तोंडावर धरला.

आईला तोंडावर हात धरताना धाकटीने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"टोक झालं टाचून," आई हाताआडून म्हणाली. "कडेची खळ अजून ओली आहे, वाकू नकोस गं राणी." आणि उठून शिवणाच्या खोलीत गेली.

त्यानंतर काका एकदा येऊन "मला खरंच कल्पना नव्हती गं" म्हणून गेले. त्यांना कशाला असायला हवी होती कल्पना? धाकटीने आवरणातली खाच भरून टाकली. राणी कुरकुरली, "अगं, तिथं जीभ लागली की मला राणी सापडायची." दिग्दर्शक म्हणाला, "आता नुसते घाण दात दिसतात." धाकटी म्हणाली, "तसेच दिसू देत." तिने फोनमधून दोन्ही फोटो पुसले. त्याने काही पुसलं गेलं नाही. साबणाने धुतल्यावर बोटांवर झिंकचा पांढुरका थर राहतो, तसं काहीतरी मागे राहिलं, आणि ते घासून जाण्यासारखं नव्हतं.

आई रोज कामाला येत होती. गळ्यात तिने फितीला बांधून छोटी कात्री अडकवली होती. टाका संपला की कात्री उचलायची, दोरा कापायची, कात्री सोडून द्यायची. शेजारच्या खोलीत बसून धाकटी ते ऐकायची. तो 'कट्' आता नव्हता. पात्यांचा आवाज होता, आणि दर वेळी मध्ये किंचित थांबणं, सवय मोडताना हात अडखळतो तसं. बोलताना आई ओठ जेमतेम उघडायची. जेवायला भिंतीकडे तोंड करून बसायची.

थोरल्या बहिणीचा फोन आला. "आईला काय झालंय गं? दातखीळ बसल्यासारखी बोलतेय. सर्दी आहे का?"

"नाही. काम जास्त आहे."

"बघ बाई. तू जवळ आहेस म्हणून मला काळजी नाही."

धाकटीला फोन ठेवल्यावर बराच वेळ आईच्या खोलीत जाता आलं नाही. गेली तेव्हा म्हणाली, "आई, ते दातांचं…"

"चहा गार होतोय तुझा."

"मला असं नव्हतं करायचं."

"कसं नव्हतं करायचं?" आईने विचारलं, आणि ती खरोखरच उत्तराची वाट पाहत होती. 'कुणाला कळू द्यायचं नव्हतं' हेच खरं उत्तर होतं, आणि ते केलेल्या गोष्टीपेक्षाही वाईट होतं.

आईने कप उचलला. "त्या डॉक्टरीणबाईंकडे कधी जायचंय म्हणालीस?"

पाच वर्षं जे ऐकायला धाकटीचे कान आसुसले होते ते हेच. "बुधवारी," ती म्हणाली. "पण घाई नाही."

"घाई कशी नाही? शुक्रवारी प्रयोग आहे." आईने ओठ मिटूनच चहाचा घोट घेतला.

दवाखान्यात बाहेरच्या बाकावर त्या दोघीच होत्या. समोरच्या भिंतीवर हसणाऱ्या माणसांचे फोटो. सगळ्यांचे दात एकाच पांढऱ्या रंगाचे, भिंतीच्या रंगातल्या टायटेनियम डायऑक्साइडसारखे, ज्यात दुसऱ्या कुठल्याच रंगाचा अंश नसतो. आईने ते फोटो एकामागून एक नीट पाहिले.

"मी जागी होते," ती म्हणाली.

"कधी?"

"त्या दुपारी. तू फोटो काढलास तेव्हा."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं नाही. बघवलं नाही.

"मला वाटलं, माझा काढतेयस," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. एखादा चुकलेला हिशोब सांगावा तशी सांगत होती. "म्हटलं, हिला कधी नव्हे ते आईचा फोटो काढावासा वाटतोय, डोळे उघडले तर बिघडेल. दुसऱ्या वेळी एवढी जवळ आलीस की मला हसूच फुटत होतं. कसंबसं दाबलं. नंतर वाट पाहत होते. दाखवशील म्हणून."

धाकटीच्या मानेपासून कानांपर्यंत सगळं तापलं. तिला वाटलं, आत्ता कुणी आपल्या चेहऱ्यावर पांढरा थर दिला तरी तो ठरणार नाही. "आई," एवढंच ती म्हणाली. तेवढ्यात आतून हाक आली.

डॉक्टरीणबाई हसतमुख होत्या. त्यांनी आईला खुर्चीत मागे झोपवलं, ओठाखाली दोन्हीकडे कापसाच्या वळ्या सरकवल्या आणि दिवा तोंडावर आणला. "दात भक्कम आहेत हो मावशी! या वयात असे दात म्हणजे नशीब. नुसता रंग तेवढा… आणि ही गंमत काय? शिवण करता का?"

आईने मान हलवली.

"तरीच. सहा दातांवर कॅप बसवू. आज घासून तात्पुरत्या लावते, पक्क्या नंतर." मग त्या धाकटीकडे वळल्या आणि तिच्या हातात एक पट्टी दिली. तिला ओळीने खोटे दात लावले होते, प्रत्येकाचा पांढरा रंग एकेका पायरीने वेगळा. "यातला रंग तुम्ही निवडा. तुमचा हातखंडा आहे म्हणे."

धाकटीने पट्टी घेतली. डोळ्यांना सवयच होती. एक दात निळसरकडे झुकत होता, एक पिवळटकडे, त्यापुढचा करड्याकडे. ती पट्टी आईच्या ओठांपाशी नेऊन धरायची होती. दिव्याखाली ते पट्टे आणि ती खाच तिने पहिल्यांदाच मोजमाप न घेता पाहिली. आई वर छताकडे बघत होती. डोळ्यांच्या कडेला पाणी होतं, दिव्यामुळे असेल.

"एक सांगून ठेवते," डॉक्टरीणबाई मशीन हातात घेत म्हणाल्या, धाकटीकडेच बघत. "एकदा घासला की मूळचा दात परत येत नाही. म्हणजे ठरलंय ना तुमचं?"

धाकटीने पट्टी ट्रेमध्ये ठेवली. "मला नका विचारू," ती म्हणाली. "दात तिचे आहेत. आई, माझ्यासाठी करणार असलीस तर नको करू."

आईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तोंडात कापूस असल्याने शब्द बोजड आले, पण कळले. "मग इतके दिवस कुणासाठी करायला सांगत होतीस?"

धाकटीने नजर खाली वळवली. "माझ्यासाठीच," ती म्हणाली. "मला लाज वाटायची. तुझी."

मशीन हातात तसंच धरून डॉक्टरीणबाई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत राहिल्या. आईने दोन बोटं तोंडात घालून कापसाची एक वळी काढली, मग दुसरी. दोन्ही ट्रेमध्ये त्या पांढऱ्या दातांच्या पट्टीशेजारी ठेवल्या. खुर्चीच्या हाताला धरून ती उठून बसली, दिवा स्वतःच बाजूला ढकलला आणि ओठ पुसले.

"डॉक्टर, मला कॅप नकोत," ती म्हणाली. "आज नकोत आणि पुढेही नकोत. हे दात आहेत तसेच राहणार. शुक्रवारी मी हेच घेऊन स्टेजवर जाणार आहे."